राणीचे त्रेसष्ट लेयर

१२ ऑक्टोबर

पौर्णिमा मॅडम म्हणाल्या, मोठे चित्रकार कामाची दैनंदिनी ठेवतात. मला मोठं चित्रकार व्हायचंच आहे, तेव्हा त्यातल्या सोप्या भागापासून सुरुवात करतो. वही दुकानातलीच घेतली. पहिल्या चार पानांवर बॅनरची मापं आहेत, ती फाडली नाहीत. उद्या वही काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली तर लोकांना कळू दे, माणूस किती साधा होता.

मी अजिनाथ. कड्याला बसस्टँडसमोर फ्लेक्सचं दुकान आहे, अकरा वर्षं झाली. वाढदिवस, निवड, उद्घाटन, श्रद्धांजली. आष्टी तालुक्यातला असा माणूस नसेल ज्याचा चेहरा मी गोरा केलेला नाही.

मॅडम अंबाजोगाईच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतात. कॉम्प्युटरवर एक गेम आहे, त्यात एखादं राज्य घ्यायचं आणि झोपडीपासून साम्राज्यापर्यंत न्यायचं. जगभरचे हौशी लोक त्या गेमला आपापल्या देशाची राज्यं जोडतात. त्याला मॉड म्हणतात. मॅडम दोन वर्षं 'दक्षिणापथ' नावाचा मॉड करताहेत. सातवाहन, वाकाटक, राष्ट्रकूट, यादव, बहमनी, निजामशाही अशी आपल्याकडची सहा राज्यं. इतिहास त्यांचा, कोडही त्यांचं. चित्र काढणारं कुणी नव्हतं. कड्याला मावशीकडे आल्या, बसस्टँडवरचा माझा सम्राट अशोकाचा बॅनर बघितला आणि कोपऱ्यातला नंबर फिरवला.

जानेवारीत परदेशातली मॉडवाल्यांची एक मोठी मंडळी हा मॉड आपल्या संग्रहात घेणार आहे. दहा जानेवारी शेवटची तारीख. चित्रं चांगली झाली तर पहिल्याच स्क्रीनवर नाव येईल : चित्रकार अजिनाथ. अकरा वर्षं माझं नाव फक्त मोबाईल नंबरच्या वर आलंय. त्याच्या आधी 'चित्रकार' लागलेलं मला एकदा बघायचंय.

सुनिताला सांगितलं. ती फ्लेक्सच्या कडेला दोरीसाठी आयलेटच्या कड्या ठोकत होती. म्हणाली, "बरं. येताना कोथिंबीर आना."

१५ ऑक्टोबर

तीन दिवसांत पाच राजे. सातवाहनांची राणी तेवढी राहिली. मायकेलँजेलोला छताला चार वर्षं लागली म्हणतात. त्याच्याकडे टेम्प्लेट नसणार.

१६ ऑक्टोबर

मॅडमचा फोन. "जय भीम, दादा." मी म्हणालो जय भीम. त्यापुढे मला बोलायला फारसं काही उरलं नाही.

एक, राष्ट्रकूट राजाच्या मनगटात घड्याळ आहे. (अंग एका माजी सभापतींचं वापरलं होतं. कडं घालून झाकायचं राहिलं.)

दोन, पाचही राजांनी हात जोडलेत. गेममध्ये राजा समोर येऊन म्हणतो, तुझं नगर बेचिराख करीन. "युद्ध पुकारताना हात कोण जोडतं, दादा?" मी म्हणालो, आमच्याकडे सगळेच जोडतात. त्या हसल्या नाहीत.

तीन, बहमनी सुलतानाच्या डोक्यामागे गोल-गोल खिडक्यांत पंधरा माणसं कोण आहेत? मी म्हणालो, शुभेच्छुक.

"दादा, ह्या सगळ्या राजांनी एकाच टेलरकडं कपडे शिवलेत. मधे हजार-बाराशे वर्षं गेलीत. प्रत्येक राज्य वेगळं दिसायला पाहिजे. बॉर्डरचा रंग बदलला म्हणजे राज्य बदलत नाही."

नेमका तोच माझा पुढचा उपाय होता.

२१ ऑक्टोबर

चार दिवस पुस्तकं चाळली. मॅडमनी पाठवलेली लेण्यांची छायाचित्रं, नाणी, शिलालेख. डोकं गच्च झालं. राज्य वेगळं कशानं होतं? पागोट्यानं? दागिन्यानं? सुनिताला ऐकवत बसलो होतो, म्हणजे स्वतःशीच बोलत होतो. ती मधेच म्हणाली, "बैलाचे खांदे बघून कळतंय की कंच्या बाजूला जुपत्यात. तुमच्या राजांचं काम काय व्हतं ते बघा. अंग तसं व्हतंय. कापडाचं काय, कापड कुणी बी घालतंय."

मी तिला म्हणालो, तू आयलेट ठोक.

मग यादवांचा राजा उंच गडावर राहणारा, डोळे बारीक करून लांबवर बघणारा केला. राष्ट्रकूटाच्या हातांना डोंगर कोरणाऱ्यांच्यातला धुरळा दिला. वाकाटकाला रंगाऱ्यांच्या संगतीतला जरा उदास चेहरा. हे सगळं माझ्या मनात आधीपासून होतंच, फक्त शब्द सापडत नव्हते.

मॅडम म्हणाल्या, आता कुठं माणसं दिसायला लागली.

२ नोव्हेंबर

चाचणीसाठी मॉड चाळीस खेळाडूंना पाठवला होता. काल ब्राझीलहून फोन आला. मी बॅनर बांधायला धानोऱ्याला गेलो होतो, सुनिताने उचलला. कुणीतरी इंग्रजीत लई वेळ बोललं म्हणे. तिने त्याला सांगितलं, दहा बाय आठ संध्याकाळपर्यंत मिळेल, फोटो व्हॉट्सॲप करा.

वाकाटक राजाच्या उजव्या कोपऱ्यात दुकानाचा नंबर राहिला होता. सवय. मेलो तरी माझा हात स्वतःच्या श्रद्धांजलीवर नंबर टाकून येईल.

ब्राझीलच्या माणसाने फोटोही पाठवला. स्वतःचा. सुनिताने त्याचं बॅकग्राउंड कापून ठेवलंय. तिला तेवढं येतं, कापायचं आणि उजेड वाढवायचं. गर्दीच्या दिवसांत मीच शिकवलं. बाकी ती मागून नुसती बघत असते.

९ नोव्हेंबर

आता राणी.

सातवाहनांची राणी नागनिका. नवरा गेल्यावर राज्य सांभाळलं म्हणतात. नाणेघाटाच्या लेण्यात तिच्या घराण्याच्या मूर्ती कोरल्या होत्या, डोक्यावर नावं लिहिली होती. नावं राहिली. मूर्ती गेल्या. मॅडम म्हणाल्या, पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात.

म्हणजे बघा. मी असा माणूस, ज्याने अकरा वर्षांत कुणालाही छातीखाली काढलेलं नाही. आणि मला अशी राणी मिळाली, जिचे फक्त पाय आहेत.

परदेशातल्या मंडळींना राणीच मुखचित्रावर पाहिजे आहे. म्हणजे माझं चित्रकार होणं हिच्या चेहऱ्यावर अडलंय.

१४ नोव्हेंबर

राणी केली. मॅडमना पाठवली. उत्तर आलं : "दादा, ही राणी आहे का साडीच्या दुकानाचा दिवाळी सेल?"

दुसरी केली. उत्तर : "आता सेल संपलेला दिसतोय, पण बाई तीच आहे."

१७ नोव्हेंबर

प्रेरणा कशी येते ते आज कळलं. दुपारी दौलावडगावला एक बॅनर उलटा बांधला गेला होता, तो सुलटा करायला गेलो. परत आलो तर स्क्रीनवर 'श्रद्धांजली' नावाचा फोल्डर उघडा आणि त्यात सावित्राबाईंचा आधारकार्डावरचा फोटो मोठा करून ठेवलेला. सकाळी मीच कशाला तरी उघडला असणार, आठवत नाही. सुनिता मागे फ्लेक्स गुंडाळत होती. तिला विचारलं, कुणी आलं होतं का? म्हणाली, "कोन येनार?"

सावित्राबाई म्हणजे सुनिताच्या माहेरच्या वाडीतल्या. ऊसतोडीला जायच्या. उन्हाळ्यात तापानं गेल्या. त्यांचे यजमान रामहरीमामा श्रद्धांजलीचा बॅनर करायला आले, तेव्हा फोटो म्हणून फक्त आधारकार्ड होतं. दुसरा फोटोच नव्हता. मी तो साफ केला, रंग उजळला, सुरकुत्या पुसल्या, कपाळाला चंद्रकोर लावली. सुनिता तेव्हा म्हणाली होती, "मावशी येवढ्या गोऱ्या न्हवत्या." मी म्हणालो, गिऱ्हाइकाला असंच लागतं. मग दोन दिवस तिचं डोकं दुखत होतं, कुणाशी बोलली नाही.

आज तो मूळ फोटो बघितला आणि थांबलो. सरकारी कॅमेऱ्यासमोरही त्या बाई घाबरलेल्या नाहीत. समोरच्याला 'बोल' म्हणताहेत असं वाटतं. राणी सापडली. अजिनाथ, तुझी नजर तयार झाली.

२० नोव्हेंबर

सावित्राबाईंच्या चेहऱ्यावरून राणी काढायला घेतली. चित्र लेयरमध्ये असतं, म्हणजे काचेवर काच ठेवावी तसे थर. एकावर नाक, एकावर डोळे, एकावर सावली. माझ्या फायलीत लेयरांचा बाजार असतो. नावं अशी : लेयर १४ कॉपी, लेयर १४ कॉपी कॉपी, फायनल, फायनल खरा.

सकाळी रंग जरा उजळ झाला होता. दुपारी बॅनर बांधून आलो तर राणी सावळी दिसली. आणि सावळी छान दिसली. सकाळी एखादा सावळा लेयर करून बघितला असेल, तो झाकायचा राहिला. कधीकधी कलाकाराला स्वतःलाच कळत नाही की त्याने काय करून ठेवलंय.

२४ नोव्हेंबर

आजही तेच. कड्याच्या आठवडी बाजारात तीन बॅनर बांधले. चार तास दुकान सुनिताकडे. परत येऊन फाईल उघडली तर हात बदललेले दिसले. मी हात नवरीच्या मेंदीच्या जाहिरातीतून घेतले होते. आता बोटांची पेरं जाड, अंगठ्याचं नख चिरलेलं. राणीला असे हात? पण बघत राहिलो तर पटलं. ह्या हातांनी राज्य ओढलंय.

मी हे कधी केलं? काल जेवणानंतर अर्धा तास बसलो होतो, तेव्हाच केलं असणार. मॅडमना फोनवर सांगितलं, माझं अंतर्मन काम करतंय. त्या म्हणाल्या, करू द्या, तुम्ही मधे येऊ नका.

सुनिताने आज पोळ्या करपवल्या. म्हणाली, ध्यान नव्हतं. मी म्हणालो, कलाकाराच्या घरात एकाने तरी ध्यान ठेवायला पाहिजे.

२९ नोव्हेंबर

माझी नवी पद्धत : सकाळी तासभर राणीवर काम करायचं, मग मुद्दाम शिडी घेऊन बाहेर पडायचं. चित्राला एकटं सोडलं की ते मुरतं. लोणच्यासारखं. आज डोळे मुरले.

पदर आता डोक्यावरून घेऊन कानामागे खोचलाय, राणीसारखा खांद्यावर नाही. त्यावर सातवाहनी दागिने कसे बसतील अशी मला शंका होती. बसलेत.

८ डिसेंबर

सहा तारखेला मॅडमचा फोन बंद होता, महापरिनिर्वाण दिनाला त्या दरवर्षी दादरला जातात. आज आल्या आल्या राणी बघितली. फोनवर नुसती माउसची टिकटिक. मी म्हणालो, मॅडम, आवाज येतोय का? म्हणाल्या, "येतोय. दादा, ही आतापर्यंतची सगळ्यात खरी. बाकीचे राजे कपडे घालून उभे आहेत. ही बसलीय."

परदेशातल्या मंडळींनाही पाठवली. मुखचित्र नक्की. त्यांना माणूस आवडला तर पुढच्या सहा राज्यांची चित्रंही त्याच चित्रकाराला देणार म्हणतात. मी दुकानाबाहेर जाऊन उगाच बसस्टँडला एक चक्कर मारली. कुणी ओळखलं नाही. आत्ताच ओळखतील असं नाही.

मग मॅडमनी विचारलं, "चेहरा कुणाचा आहे?" खोटं बोलता येत नाही मला, जमत नाही. सांगितलं. त्या म्हणाल्या, घरच्यांना विचारलं का? मी म्हणालो, श्रद्धांजलीला दिला होताच की फोटो.

"दादा, तो फोटो तेराव्यापुरता दिला होता. त्यांनी हो म्हणल्याशिवाय मी ही राणी मॉडमध्ये घालणार नाही. बाईचा चेहरा तिच्या माणसांना न विचारता जगभर फिरवायचा, हे मला चालायचं नाही. नाही म्हणाले तर दुसरी काढा."

दुसरी. हिला मी कशी काढली तेच मला माहीत नाही, दुसरी कुठून आणू?

२१ डिसेंबर

रामहरीमामांना अजून फोन केलेला नाही. ते तोडीला गेलेत, श्रीगोंद्याकडे. कारणं : ते फडात असतील, आवाज येणार नाही, बॅटरी नसेल, मला सर्दी झालीय. खरं कारण एकच, ते नाही म्हणाले तर? एका माणसाच्या मेलेल्या बायकोचा चेहरा त्याला न विचारता उचलायचा आणि वर तिला लढाईला पाठवायचं. मी त्यांच्या जागी असतो तर फ्लेक्सवाल्याला शिडीसकट फेकला असता.

सुनिताला सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. तिने एवढंच विचारलं, "कवा जायचं?"

४ जानेवारी

आज गेलो. मी एकटा जाणार होतो. दुकान कोण बघणार, असं म्हणेपर्यंत सुनिता नवीन लुगडं नेसून गाडीशेजारी उभी होती. हातात भाकरीचं गाठोडं आणि शेंगदाण्याची चटणी. ह्या बाईला कुठंही जायचं म्हटलं की सहल वाटते, असं मनात आलं. हे मुद्दाम लिहून ठेवतोय, म्हणजे नंतर मला स्वतःविषयी गैरसमज नको.

दोन तास लागले. तोडलेल्या फडाच्या कडेला वीसेक कोप्या होत्या, बांबू वाकवून त्यावर कागद-कापड टाकलेल्या. सुनिता गाडीवरून उतरली आणि न विचारता चौथ्या कोपीकडे गेली. मी म्हणालो, तुला कसं कळलं? ती म्हणाली, "चुलीचं तोंड बघून. मामा वाऱ्याकडं पाठ करूनच चूल मांडत्यात." तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं की ही लहानपणी अशाच कोप्यांत वाढली. नऊ वर्षं संसार केला. हे मला माहीत होतं, पण कधी डोक्यात आलं नव्हतं.

रामहरीमामा नुकते मोळ्या भरून आले होते. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. म्हणाले, "आता मी अर्धा कोयता, पाव्हणं. पुतण्याच्या गळ्यात बांधलाय मुकादमानं." आम्हाला कोपीत बसवलं. मी वर बघितलं.

कोपीच्या आतून छताला माझा बॅनर होता. श्रद्धांजलीचा. दहा बाय सहा. चेहरा आतल्या बाजूला. चंद्रकोरवाली गोरीपान बाई वाकून आमच्याकडे बघत होती.

मामा म्हणाले, "फेकून कसा द्यावा? थंडीला आडोसा व्हतोय. पर पाव्हणं, राग मानू नका. रोज पडल्या पडल्या वर बघतो न् म्हनतो, बाई, तू कुनाची गं?"

राग कसला मानतो. मान खाली घालून लॅपटॉप काढला. राणी दाखवली. जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरलो. दोन हजार वर्षांपूर्वीची राणी, गेम, जगभरचे लोक, असं काहीबाही बोललो.

मामांनी हात धोतराला पुसले आणि स्क्रीन जवळ ओढली. लई वेळ बघितलं. मग बोट लावून म्हणाले, "ही खूण तुमाला कशी म्हाईत?"

हनुवटीखाली एक आडवी जुनी खूण होती. मी ती शंभर वेळा बघितली असेल. मला वाटायचं ती सावली आहे, माझ्याच हातून पडलेली.

"आधारच्या फोटूत न्हाई ही," मामा म्हणाले. "त्यात हनुवटीखालचं दिसतच न्हाई. तुमी तर तिला जित्ती कवा बघितली बी न्हाई. कुनी काढलं हे?"

मी तोंड उघडलं. 'मी' म्हणायला. तो शब्द लहान आहे, पण आला नाही. मामा माझ्याकडे बघतच नव्हते. ते सुनिताकडे बघत होते. ती चुलीपाशी बसून भाकरीचं फडकं सोडत होती.

"सुनिता पोरी. तू काढलीस व्हय?"

तिने हो म्हणून मान हलवली.

मग मामा मला सांगायला लागले, जसं मी कुणी परका आहे. सुनिता पाच वर्षांची होती. कोपीत फणफणली. तिचे आई-बाप फडात. सावित्राबाईंनी तिला उचललं आणि डांबरीकडे पळत सुटल्या. बांधावर पाय अडकून पडल्या, हनुवटी दगडावर फुटली. "पन पोरगी खाली ठिवली न्हाई," मामा म्हणाले. "तसंच रगात गाळीत गेली. डॉक्टर म्हनला, आधी तुला टाके घालू. ही म्हनली, आधी हिला बघा."

सुनिता म्हणाली, "वास अजून ध्यानात हाय मला. पाचटाचा."

मी लॅपटॉपच्या कडेला बसलेली धूळ पुसत राहिलो.

शेवटी मामांनीच विचारलं, "ह्या खेळात हिच्या जोडीला कोन?"

"कुणी नाही. एकटीच राज्य चालवते."

"चालवंल. हारती का?"

"कधी हरते, कधी जिंकते. खेळणाऱ्यावर आहे."

"हारली तर रडती?"

मी म्हणालो, तसं चित्र अजून केलेलं नाही. मामा म्हणाले, "करू बी नका. ती रडायची न्हाई. येवढं एक संबाळा, बाकी माझी ना न्हाई." हे त्यांनी मोबाईलसमोर उभं राहून पुन्हा म्हटलं, नाव-गावासकट. मॅडमना ते पाठवलं.

निघताना सुनिताने तिथल्या एका बाईकडून सुई-दोरा मागून बॅनर उसवला आणि चेहरा बाहेरच्या बाजूला करून पुन्हा शिवला. मी बांबू धरून उभा होतो.

५ जानेवारी

काही लिहायचं नाही.

७ जानेवारी

काल दिवसभर फाईल घेऊन बसलो. एकेक लेयर झाकून बघितला. राणीचे एकूण त्रेसष्ट लेयर. त्यातले माझे एकवीस. त्यातले सतरा झाकलेले, म्हणजे चित्रात नाहीतच. 'लेयर १४ कॉपी कॉपी' मी केलाच नव्हता. ते नावही तिने माझ्या पद्धतीने ठेवलं, मला कळू नये म्हणून.

मुरतं म्हणे. लोणचं म्हणे. अंतर्मन म्हणे! अंतर्मन मागे बसून आयलेट ठोकत होतं.

राग आला का? आला. खरं लिहितो. आधी राग आला, मग लाज, मग पुन्हा राग, कारण लाज वाटली म्हणून.

८ जानेवारी

मॅडमची मेल. उद्या संध्याकाळपर्यंत नावं पाहिजेत. 'सातवाहन, राणीचे चित्र : चित्रकार' आणि पुढे रिकामी जागा. त्याच नावाला पुढची सहा राज्यं मिळणार.

कुणाला कळणार नाही. मॅडमना माहीत नाही. मामा गेम खेळणार नाहीत. सुनिता त्या दिवसापासून त्यावर एक शब्द बोललेली नाही. आज तिने आठ वाढदिवस कापले. मी रिकाम्या जागेत 'अजिनाथ' लिहून बघितलं. चांगलं दिसत होतं. ते एवढं चांगलं दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

खोडलं. मग पुन्हा लिहिलं. मग वीज गेली.

९ जानेवारी

सकाळी ठरवलं, मोठं मन करायचं. लिहिलं : 'चित्रकार अजिनाथ आणि सुनिता'. स्वतःच्या मोठेपणानं डोळे भरून आले. सुनिताला बोलावून दाखवलं. मला वाटलं ती लाजेल, म्हणेल, माझं नाव कशाला.

तिने वाचलं. म्हणाली, "तुमचं कावून?"

मी म्हणालो, म्हणजे?

"राणीत तुमचं काय हाय?"

मी फाईल उघडली. चार लेयर सापडले. मागचं आभाळ, बॉर्डर, बॉर्डरची सावली आणि सिंहासन. सिंहासन चांगलं होतं. मंगल कार्यालयाच्या स्टेजवरच्या खुर्चीवरून घेतलेलं, पण चांगलं होतं. "सिंहासन माझं आहे," मी म्हणालो.

"मंग सिंहासनाम्होरं लिवा."

ती चेष्टा करत नव्हती. मीच शेवटी विचारलं, एवढे दिवस मला सांगितलं का नाहीस? ती स्क्रीनकडेच बघत होती. म्हणाली, "सांगितलं आसतं तर तुमी ते सुधारलं आसतं."

सुधारलं असतंच. गोरं केलं असतं, खूण पुसली असती, हात मेंदीचे केले असते. मग ती राणी कुणाची, हे कोपीत झोपणाऱ्या माणसाला कळलं नसतं.

वाईट वाटलं. लई वाईट वाटलं. चित्रकार व्हायचं राहिलं ह्याचं वाटलंच. पण नऊ वर्षांत तुला काय काढावंसं वाटतं, हे मी हिला एकदाही विचारलं नाही, ह्याचं त्याहून जास्त वाटलं.

मग लिहिलं :

सातवाहन, राणीचे चित्र : चित्रकार सुनिता.
सिंहासन : अजिनाथ.

तिने दोनदा वाचलं आणि म्हणाली, धाडा. मी धाडलं. अर्ध्या तासात मॅडमचा फोन आला. मला नमस्कार-चमत्कार काही नाही, म्हणाल्या, "दादा, ताईंना द्या." दोघी वीस मिनिटं बोलल्या. पुढच्या सहांपैकी पहिलं राज्य कुठलं, तिथली माणसं काय काम करायची, काय खायची, असं सुनिता विचारत होती. मी ऐकत होतो. मधेच तिने फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाली, "आवो, दोन वाजता सिरसाळ्याच्या पाव्हण्यांचा बॅनर बांधायचाय ना तुमाला? मंग तुमी तिथं काय बसलाय?"

मी कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसलो होतो. उठलो, खुर्ची तिच्याकडे वळवली, आणि शिडी घेऊन निघालो.